दरबार, रेसिडेंट आणि प्रजा परिषद

कोल्हापूर संस्थानातल्या रयतेला शाळा आधी मिळाली, राज्यकारभारात वाटा फार नंतर. शाहू छत्रपतींनी १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, पुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, महार वतनाला हात घातला. सामाजिक बाबतीत ब्रिटिश मुलखाच्याही पुढे असलेल्या या संस्थानात राज्यकारभाराचा शेवटचा शब्द मात्र दरबारचाच राहिला, आणि दरबारच्या डोक्यावर ब्रिटिश रेसिडेंट बसलेला. म्हणजे तक्रार करायची कोणाकडे, हाच पहिला प्रश्न.

राजवट घरची आणि तिच्यामागचे बळ बाहेरचे, ही रचना जगात इतरत्रही दिसते. ग्वाटेमालात १९५४ साली लोकांनी निवडून दिलेले आर्बेंझ सरकार अमेरिकेच्या पाठबळाने उलथवले गेले आणि पुढची कित्येक दशके तिथे लष्करी दडपशाही चालली. कोल्हापुरात रक्तपात त्या मानाने फार थोडा झाला. पण हक्क मागणाऱ्याला दोन सत्तांशी एकदम झुंजावे लागते, ही अडचण तीच.

काँग्रेसच्या १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनानंतर संस्थानी प्रजेने आपापल्या संघटना उभाराव्यात असे वारे वाहू लागले. फेब्रुवारी १९३९ मध्ये जयसिंगपूरला कोल्हापूर संस्थान प्रजा परिषद स्थापन झाली. मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची. पुढारी होते माधवराव बागल आणि निमशिरगावचे रत्नाप्पा कुंभार. बागलांचे घर सत्यशोधकी. वडील खंडेराव ‘हंटर’ पत्र चालवत. माधवराव स्वतः शिकलेले चित्रकार, शाहूंचे निस्सीम चाहते. ज्या गादीच्या सुधारणांत ते वाढले, त्याच गादीच्या दरबाराविरुद्ध ते उभे राहिले, यात विसंगती काही नाही. शहाण्या झालेल्या प्रजेने पुढचा हक्क मागितला, इतकेच. दरबारचे उत्तर ठरलेले होते: सभाबंदी, अटक, खटले, दंड.

नोव्हेंबर १९४० मध्ये राजाराम महाराज वारले. त्यांना मुलगा नव्हता, दत्तक घेतलेला वारस अगदी तान्हा. साहजिकच रेसिडेंटचे वजन वाढले. त्यातच १९४२ चे ‘चले जाव’ आंदोलन पेटले आणि चळवळीचा रोख दरबारावरून थेट इंग्रजी सत्तेकडे वळला. शहराच्या भर चौकात मुंबईचे माजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. सप्टेंबर १९४२ मध्ये भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोघींनी तो विद्रूप केला. पहारा होता, नाही असे नाही. पण दोन बायका हे करतील, हे पहारेकऱ्यांच्या ध्यानीमनी नसावे. पुढच्या वर्षी तरुणांच्या एका गटाने तो फोडलाच. १९४५ साली त्याच जागी शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. त्यामागे चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकर होते. तोच आजचा शिवाजी चौक.

पुतळा फोडण्याची किंमत तुरुंगवासाने चुकती झाली. संस्थानातल्याच गारगोटीत ती जिवाने चुकवावी लागली. १३ डिसेंबर १९४२ रोजी भूमिगत कार्यकर्त्यांनी तिथल्या कचेरीवर आणि खजिन्यावर हल्ला चढवला. पोलिसांच्या गोळीबारात सात जण हुतात्मा झाले. त्यांतल्या स्वामी आणि वारके यांची नावे भुदरगड-कागल भागात आजही जोडीने घेतली जातात. रत्नाप्पा कुंभार त्या काळात भूमिगत होते.

स्वातंत्र्यानंतर लोकांचे मंत्रिमंडळ आले, पण ते टिकले नाही. गांधीजींच्या खुनानंतर शहरात ब्राह्मणांची घरे-दुकाने जाळली गेली, भालजींचा जयप्रभा स्टुडिओही त्यात गेला. दडपशाही फक्त सरकारच करते, या समजुतीला छेद देणारे हे प्रकरण. चळवळीच्या गौरवग्रंथांत ते दोन ओळींत उरकले जाते. या दंगलीनंतर कारभार भारत सरकारने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती गेला आणि १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

रत्नाप्पा कुंभार तोवर संविधान सभेत पोहोचले होते. संविधानावर त्यांची सही आहे. बागलांनी १९५० च्या डिसेंबरात बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे बसवले. आंबेडकर तेव्हा हयात होते.