खोडव्याची वही



आमच्या खोडवा शिबिरात पुढच्या रांगेत बसून वही भरणारा एक विद्यार्थी होता. "एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो जिवाणू संवर्धन," असं तो घडाघडा म्हणून दाखवी. भाऊबंद हसले, पण पठ्ठ्यानं पाचट पेटवलं नाही. खोडवा जोमदार आणला.

तीन हंगामांपूर्वी रात्री मोटारसायकलवरून येताना, रस्त्याकडेला उभी केलेली उसाची ट्रॉली त्याला दिसलीच नाही. मागं रिफ्लेक्टर नव्हता. वय अवघं २३.

आज त्याचे वडील तीच वही उघडून खोडवा राखतात. मला मात्र सलतं. शिबिरात पाचटाचं सगळं सांगितलं. ट्रॉलीमागं लाल रिफ्लेक्टर लावा, एवढंच सांगायचं राहिलं.

बंधूंनो, ते आज सांगतो. ट्रॉली भरण्याआधी मागची बाजू पाहा.