बरानगरचा ढोल आणि रोजचा अर्धा तास

संगणक शिकायचा म्हणजे हजारो रुपये भरून क्लास लावायचा, अशी बहुतेक घरांत समजूत आहे. देशात सर्वांत आधी ज्यांनी संगणक चालवला, त्या कोलकात्याच्या मंडळींपाशी मात्र क्लासही नव्हता आणि दुकानात मिळणारे पुस्तकही नव्हते.

कोलकात्याच्या उत्तरेला, बॅरकपूर ट्रंक रोडवर बरानगर आहे. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली स्थापन केलेली भारतीय सांख्यिकी संस्था तेथेच आहे. पंचवार्षिक योजनांसाठी, पिकांच्या पाहण्यांसाठी आकड्यांचे डोंगर उपसणे हे तिचे काम. १९५५ साली या संस्थेत इंग्लंडहून एक यंत्र आले. नाव एचईसी-२एम, किंमत सुमारे दोन लाख रुपये. लंडनच्या बर्कबेक कॉलेजातील अँड्र्यू बूथ यांच्या आराखड्यावरून ते बनले होते. मोही मुखर्जी आणि अमरेश रॉय हे दोघे इंग्लंडला जाऊन ते हाताळायला शिकून आले आणि १९५६ पासून यंत्राने काम सुरू केले.

आजच्या विद्यार्थ्याला त्याची स्मरणशक्ती ऐकून हसू येईल. सारी मिळून १०२४ शब्दांची! येथे शब्द म्हणजे एक आकडा किंवा एक आज्ञा मावेल एवढी जागा. हे सारे चुंबकीय लेप दिलेल्या, गरगर फिरणाऱ्या एका ढोलावर साठवलेले असे. जत्रेतल्या पाळण्यात आपली पेटी खाली येईपर्यंत थांबावे लागते, तसेच ढोलावरचा हवा तो आकडा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत थांबावे लागे. क्षणभर उशीर झाला की सबंध फेरी वाया. म्हणून ढोलाच्या यंत्रांवर काम करणारा कुशल माणूस आज्ञा कोणती द्यायची एवढेच नव्हे, तर ती ढोलावर कोठे ठेवायची हेही मोजून ठरवी. सी, पायथन या भाषांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. सगळे यंत्राच्या सांकेतिक आकड्यांत लिहायचे.

यंत्र एक आणि रांगेत देशभरच्या संशोधकांची गणिते! त्यामुळे प्रोग्राम आधी कागदावर लिहायचा, मनातल्या मनात चालवून पाहायचा, चूक शोधायची आणि मगच यंत्राकडे जायचे, हाच रिवाज पडला. १९५९ साली सोव्हिएत रशियातून आलेले ‘उरल’ हे यंत्र तेथे सुरू झाले. त्याच्या आज्ञा निराळ्या! तीन वर्षांत हातात बसलेली विद्या बाजूला ठेवून पुन्हा पाटी-पेन्सिल घ्यावी लागली. पुढे सांख्यिकी संस्था आणि जादवपूर विद्यापीठ यांनी मिळून ट्रान्झिस्टरवर चालणारा ‘इसिजू-१’ हा संगणक इथेच घडवला. १९६६ साली तो सुरू झाला. विकत आणलेले यंत्र चालवणे आणि स्वतः यंत्र उभारणे यांत किती अंतर आहे, हे ज्याने घरचा रेडिओ खोलून पुन्हा जोडला आहे त्याला सांगायला नको.

ज्या शहरात शिकले, तेच शहर घाबरले

गंमत अशी की, याच कोलकात्यात संगणकाला सर्वांत कडवा विरोधही झाला. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाने शहरातील इलाको हाउसमध्ये संगणक बसवायचे ठरवले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी त्या इमारतीवर रात्रंदिवस पहारा ठेवला. यंत्र आले तर आपली नोकरी जाईल, ही भीती. तिला केवळ अडाणीपणा म्हणून हसणे बरोबर नाही. फाळणीनंतर निर्वासितांनी भरलेल्या शहरात कारकुनाची एक नोकरी सबंध घराला पोसत होती. पण त्याची किंमतही शहराने मोजली. बंगळूर, हैदराबाद पुढे निघून गेली. सॉल्ट लेकच्या सेक्टर पाचमध्ये सॉफ्टवेअर कंपन्या गजबजायला पुष्कळ वर्षे जावी लागली, आणि तोवर बंगालची हुशार मुले दक्षिणेची गाडी पकडू लागली होती.

मास्तरांनीही शिकायचे

आज अडचण वेगळीच आहे. विद्यार्थ्याच्या खिशातल्या मोबाइलमध्ये बरानगरच्या ढोलापेक्षा लाखो पटींनी जास्त जागा आहे. मागे पडतात ते प्राध्यापक. वीस वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्या अध्यापकाला पायथन कोणी शिकवले नाही, आणि वर्गात विद्यार्थ्यांपुढे चुकण्याची लाज वाटते ती वेगळीच. यावर आपल्या मराठी माणसाने काढलेला तोडगा सांगण्यासारखा आहे. पवईच्या आयआयटीतील प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने २००९ च्या सुमारास अध्यापकांच्या मोठ्या कार्यशाळा सुरू झाल्या. पवईत व्याख्यान आणि देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत बसून ते पडद्यावर ऐकणारे, उलट प्रश्न विचारणारे शिक्षक. कोलकात्याजवळची खरगपूरची आयआयटीही नंतर यात सामील झाली. दहा हजार शिक्षक, असे त्या योजनेचे नावच होते.

प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी पवईतच सुरू केलेले ‘स्पोकन ट्युटोरियल’ तर घरबसल्या फुकट वापरता येते. धडा साधारण दहा मिनिटांचा. पडद्याच्या अर्ध्या भागात धडा चालू ठेवायचा आणि उरलेल्या अर्ध्या भागात तेच स्वतः करत जायचे. सी, जावा, पायथन अशा विषयांवरचे धडे आहेत आणि त्यांतले बरेच मराठीत व बंगालीतही ऐकायला मिळतात. त्यामुळे इंग्रजीला बिचकणाऱ्या सोलापूरच्या मुलीचे अडत नाही, की बर्धमानच्या मुलाचे.

मात्र धडा नुसता पाहून पोहायला येत नाही. रविवारी सहा तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास बरा. दहा मिनिटे धडा आणि वीस मिनिटे हाताने काम. दुकानदाराचे बिल, घरचा महिन्याचा हिशेब, वर्गाची हजेरी असा एखादा साधा प्रश्न घ्यावा. प्रोग्राम लिहिल्यावर लगेच चालवू नये. उत्तर काय येईल ते आधी वहीत लिहावे, मग ताडून पाहावे. बरानगरात हे नाइलाजाने होत होते, आता मुद्दाम करावे लागते. कारण आता प्रश्न टाकला की आयता प्रोग्राम लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. मुलगा पाच मिनिटांत असाइनमेंट देतो, प्राध्यापक गुण देतात आणि मुलाखतीत “ही ओळ इथे का?” असे विचारले की त्राफा होते. ही साधने वापरू नयेत असे नाही, पण आलेली प्रत्येक ओळ आईला समजावून सांगता आली पाहिजे. आईने मात्र “मला काय कळतंय त्यातलं” म्हणून उठून जाऊ नये, “पण असं का?” एवढे विचारत राहावे.

प्राध्यापकांनाही हाच अर्धा तास उपयोगी आहे. दोघे-तिघे सहकारी मिळून बसले तर लाजही निम्मी होते.

पुस्तके? कोलकात्याला गेलात तर कॉलेज स्ट्रीटवर जुन्या पुस्तकांची दुकाने ओळीने आहेत. कर्निघन आणि रिची यांचे सी भाषेवरचे पुस्तक मिळाले तर बेलाशक घ्यावे. १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीवर आजही काम भागते. विंडोज ९५ वरचे जाडजूड ग्रंथ मात्र कितीही स्वस्तात मिळाले तरी ओझे वाहून आणू नये.