कड्याकडे पाठ करून

सॅन्टोरिनीचं चित्र आता सगळ्यांनाच पाठ आहे. पांढरी घरं, निळे घुमट आणि खाली दोन-तीनशे मीटरवर गडद समुद्र. लग्नाआधीच्या फोटोशूटची हौस वाढल्यापासून तर हे बेट मराठी घरांतल्या मोबाइलवरही मुक्कामाला आलं आहे. पण हे चित्र बेटाच्या फक्त पश्चिम कडेचं. जेमतेम ७६ चौरस किलोमीटरचं बेट, कायमची वस्ती १५ हजारांच्या घरात आणि वर्षाला येणारे पर्यटक ३४ लाखांच्या आसपास. त्यातले बहुतेक जण फिरा आणि ओइया या कड्यावरच्या दोन गावांतल्या बोळांत एकमेकांना खांदे घासत फिरतात. ही गर्दी नको म्हणून लोक दिवसभराची खासगी गाडी ठरवतात आणि बसल्या बसल्या चालकाला सांगतात, ‘ओइयाला घ्या.’ मग गाडी त्याच गर्दीच्या शेपटाला जाऊन लागते. आत एसी असतो, एवढाच काय तो फरक.

माझ्या मते गाडी घ्यावी ती कड्याकडे पाठ फिरवण्यासाठी. कड्यामागे हे बेट पूर्वेला आणि दक्षिणेला हळूहळू उतरत समुद्राला मिळतं, आणि त्या उतारावर जे जे पाहावं ते राखेशी येऊन ठेपतं. घरं राखेत खोदलेली, द्राक्षं राखेत वाढलेली, साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं नगर राखेनंच जपलेलं.

या व्यवहारातली एक गोष्ट आधी समजून घेतलेली बरी. ग्रीसमध्ये पुरातत्त्वस्थळाच्या आत माहिती सांगण्याचा अधिकार फक्त परवानाधारक मार्गदर्शकाला असतो. त्यासाठी सरकारी शिक्षणक्रम पूर्ण करावा लागतो आणि ओळखपत्र गळ्यात अडकवावं लागतं. आपल्याला घ्यायला येतो तो बहुधा चालक असतो. तो इंग्रजी फर्डं बोलतो, वाटेत गोष्टी सांगतो, फोटोही छान काढून देतो; पण अक्रोतिरीच्या, म्हणजे राखेनं जपलेल्या त्या नगराच्या, फाटकाशी तो थांबतो आणि आपण एकटेच आत जातो. जाहिरातीत हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. भाडं सहसा गाडीचं असतं, माणशी नसतं. त्यामुळे पाच-सहा जण मिळून गेलात, तर वाचलेल्या पैशांत अक्रोतिरीपुरता दोन तासांचा मार्गदर्शक सहज बसतो. बाकीची कुठलीही चैन कापा, ही कापू नका.

दुसरी गोष्ट घड्याळाची. क्रूझची जहाजं इथे धक्क्याला लागत नाहीत. कड्याखालचा समुद्र हा ज्वालामुखीचं बुडालेलं तोंड आहे, आणि त्याची खोली काही ठिकाणी ४०० मीटरच्या जवळपास जाते. जहाजं मध्येच थांबतात आणि होड्या प्रवाशांना काठाला आणून सोडतात. तिथून वर फिराला यायचे तीन मार्ग: केबल कार, पावणेसहाशेच्या वर पायऱ्या, नाहीतर खेचर. (खेचर नकोच. २०१८ साली ग्रीसनं कायदा करून त्यांच्या पाठीवरच्या ओझ्याला १०० किलोची मर्यादा घातली, ती उगाच नाही.) कोणत्या दिवशी किती जहाजं येणार, याचं वेळापत्रक आधीच जाहीर झालेलं असतं आणि चांगला चालक आदल्या रात्री ते बघून ठेवतो. क्रूझ प्रवाशांसाठी २०२५पासून रोज ८ हजारांची मर्यादा आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून ऐन हंगामात माणशी २० युरो शुल्क लागू झालं. तरी ८ हजार म्हणजे बेटाच्या निम्म्या लोकसंख्येएवढी माणसं झाली, तीही एका सकाळी. ही मंडळी वर येऊन बसमध्ये बसेपर्यंत आपण दक्षिण टोकाला पोचलेलं असावं.

म्हणून पहिला मुक्काम अक्रोतिरी, फाटक उघडताना. स्पिरिडॉन मारिनातोस या ग्रीक पुरातत्त्वज्ञानं क्रीट बेटावर उत्खनन करताना अम्निसोस इथे प्यूमिसचे, म्हणजे ज्वालामुखीच्या सच्छिद्र हलक्या दगडाचे, थर पाहिले. क्रीटच्या मिनोअन संस्कृतीचा ऱ्हास थेराच्या, म्हणजे याच बेटाच्या, उद्रेकामुळे झाला, असा सिद्धान्त त्यानं १९३९ साली मांडला. त्याचा तो सिद्धान्त आज जसाच्या तसा कोणी मानत नाही. पण त्याच्याच नादानं तो १९६७ साली अक्रोतिरीला खोदायला आला आणि पहिल्या काही दिवसांतच त्याला भिंती लागल्या. १९७४ साली उत्खननाच्या जागीच त्याचा मृत्यू झाला. पुढे अनेक दशकं हे काम क्रिस्तोस दूमास यांनी चालवलं.

आत लाकडी मचाणावरून चालायचं असतं. खाली खरीखुरी गल्ली आहे, दोन-तीन मजली घरांच्या मधून वाकडीतिकडी जाणारी, आणि एका ठिकाणी ती रुंदावून तिचा त्रिकोणी चौक होतो. ‘पश्चिम घर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घराच्या वरच्या मजल्यावर संडास आहे. दोन दगडी बैठकांमध्ये फट, फटीखाली भिंतीतून उतरणारी मातीची नळी आणि ती रस्त्याच्या फरसबंदीखालच्या गटाराला जोडलेली. याच घरात भित्तिचित्रंही होती, त्यात जहाजांचा एक अख्खा ताफा रंगवलेला. चित्रं संग्रहालयांत गेली, संडास जागेवर राहिला. मला तिथे जास्त वेळ उभं राहावंसं वाटलं ते संडासापाशीच.

पॉम्पेईशी तुलना प्रत्येक माहितीपत्रकात असते, पण एका बाबतीत ती लंगडी पडते. इथे माणसांचे सांगाडे सापडलेले नाहीत. उद्रेकाआधी मोठा भूकंप झाला होता, हे ढिगाऱ्यांवरून कळतं. लोक बाहेर पडले, मग काही जण परतले असावेत. त्यांनी राडारोडा बाजूला केला, धान्याचे रांजण आणि खाटा घराबाहेर काढून ठेवल्या. लाकडाच्या त्या खाटा कुजून गेल्या, पण राखेत त्यांची पोकळी राहिली. तीत प्लास्टर ओतून त्यांचे आकार मिळवलेले आहेत. दागदागिने जवळजवळ सापडले नाहीत. १९९९ साली एका लाकडी पेटीत सोन्याचा छोटा रानबोकड मिळाला, तेवढा अपवाद. म्हणजे माणसं किडूकमिडूक घेऊन वेळेवर निघाली. पुढे समुद्रात त्यांचं काय झालं, कोण जाणे.

हे वाचताना २०२५चा फेब्रुवारी आठवतो. बेटाच्या ईशान्येला समुद्राखाली भूकंपांची अशी मालिका सुरू झाली की शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणीबाणी जाहीर झाली आणि ११ हजारांहून अधिक माणसं बोटीनं, विमानानं बेट सोडून गेली. ती परत आली आणि उन्हाळ्याचा हंगामही सुरू झाला.

उद्रेकाच्या सालाचा वाद संपलेला नाही. प्यूमिसमध्ये गाडली गेलेली ऑलिव्हची एक फांदी सापडली. तिच्या कार्बन-मापनावरून इसवीसनपूर्व १६२७ ते १६००च्या दरम्यानचा काळ निघतो, असा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. मातीच्या भांड्यांवरून आणि इजिप्तच्या कालगणनेवरून हिशेब करणारे मात्र बरेच अलीकडे, इसवीसनपूर्व १५००च्या आसपास येतात. चालक यातलं काही सांगत नाही, तो अटलांटिसची गोष्ट सांगतो. प्लेटोनं रंगवलेलं ते बुडालेलं नगर हेच, असं म्हटलं की गाडीतल्या मंडळींचे डोळे चमकतात आणि दुपारी बक्षिशीही बरी मिळते.

दुसरा मुक्काम फिरातलं प्रागैतिहासिक थेराचं संग्रहालय. जहाजांची गर्दी एव्हाना ओइयाकडे गेलेली असते. इथे निळी माकडं बघायची. खडकांवर चढणारी, शेपट्या वर उचलून वळवलेली, जवळजवळ खोडसाळ. एजियन बेटांवर माकडं नव्हतीच, त्यामुळे ही इजिप्तमधून माहीत झालेली आफ्रिकी माकडं असावीत, असं पूर्वी सरसकट मानलं जाई. कलेतिहासाच्या अभ्यासक मेरी निकोल पारेहा आणि काही वानरशास्त्रज्ञांनी २०१९च्या अखेरीस वेगळाच दावा केला. शेपटीचा बाक, हातापायांची लांबी आणि अंगाची ठेवण पाहता ही आपल्याकडची वानरं, म्हणजे हनुमान लंगूर असावीत; करड्या रंगासाठी त्या काळचे चित्रकार निळाच वापरत. आपल्याला हा दावा आवडणार हे उघड आहे. गडकिल्ल्यांवर ज्यांनी आपले डबे पळवले, ती मंडळी साडेतीन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भिंतीवर! पण दुसऱ्या अभ्यासकांनी लगेच आक्षेप घेतले. शिवाय उद्रेकाच्या सुमारास सिंधू संस्कृतीच्या मोठ्या नगरांचा बहर ओसरलेला होता. मेसोपोटेमियामार्गे अशी वानरं किंवा त्यांची चित्रं इतक्या लांब गेली असतीलही, पण छाती ठोकून सांगण्याइतका पुरावा अजून नाही. तरी मराठी माणसानं त्या भिंतीपुढे पाच मिनिटं जास्त घालवायला हरकत नाही.

इथून पुढे गाडी खऱ्या अर्थानं कामी येते, कारण द्राक्षमळ्यांकडे आणि मधल्या गावांकडे बस जाते ती तिच्या मर्जीनं. तिथली जमीन मात्र आपल्या ओळखीची नाही. सह्याद्री ज्या लाव्ह्यानं घडला तो पसरत, थरावर थर चढवत गेला आणि त्याचा काळा कठीण पाषाण झाला. इथला उद्रेक स्फोटक होता. वितळलेला खडक वायूंच्या जोरानं फुटून फेसाळला आणि राख व प्यूमिस होऊन बेटावर कोसळला. या थरांची जाडी काही ठिकाणी ५०-६० मीटर आहे. त्या मालाला गिऱ्हाईकही मिळालं. इथली राख चुन्यात मिसळली की पाण्याखालीही घट्ट धरणारा सिमेंटसारखा लगदा होतो, म्हणून सुएझ कालव्याच्या बांधकामासाठी १८६०च्या दशकात ती जहाजं भरभरून गेली. त्या खाणींतच थेरासिया या शेजारच्या बेटावर जुन्या घरांचे अवशेष उघडे पडले. अक्रोतिरीच्या शंभर वर्षं आधी मिळालेला हा सुगावा.

मळा म्हणून जे दाखवतात ते पाहून नाशिककर आधी हसेल. मांडव नाही, तारा नाहीत, राखाडी जमिनीवर काही हिरवी वेटोळी पडलेली. वेल जमिनीलगत गोल गोल गुंडाळून तिची चुंबळ करतात आणि द्राक्षांचे घड त्या चुंबळीच्या आत वाढतात. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्टेमी वारा सुटतो आणि प्यूमिसचे कण उडवत आणतो. बाहेर लटकलेला घड त्यानं सोलूनच निघेल. पाऊस कमी, नदी एकही नाही. रात्रीचं दव आणि समुद्रावरचं धुकं प्यूमिस शोषून घेतं आणि मुळांना पुरवतं. या जमिनीत चिकणमाती जवळजवळ नाहीच, म्हणून एकोणिसाव्या शतकात युरोपभर द्राक्षवेली खाऊन टाकणारी फायलॉक्सेरा कीड इथे टिकली नाही आणि इथल्या वेली अजून स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. असिर्तिको ही मुख्य जात, तिची वाइन आंबटसर आणि कोरडी. उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची गोड विनसांतो एके काळी रशियातल्या चर्चना जाई. आता जमिनीला वेलीपेक्षा पोहण्याचा तलाव जास्त पैसे देतो. मळे आक्रसत चालले आहेत आणि द्राक्षांचे भाव चढत चालले आहेत.

पिर्गोस आणि एम्पोरिओ ही गावं जाता जाता नव्हे, उतरून पाहावीत. चाचे आले तर आत घुसता येऊ नये म्हणून घराला घर चिकटवून, बाहेरच्या भिंतींचाच तट करून वसवलेली ही जुनी गावठाणं. पिर्गोसमध्ये गुड फ्रायडेच्या रात्री छपरांवर आणि भिंतींवर डब्यांत हजारो दिवे पेटवतात. एप्रिलमध्ये जाणं जमलं, तर आपली दिवाळी कुणी वसंतात हलवली असं वाटावं. प्राचीन थेरा या डोंगरावरच्या जुन्या नगराचे अवशेष पाहायचे, तर कामारी गावाहून वर चढणारा वळणावळणाचा रस्ता आहे आणि तो लहान गाडीलाच जमतो. वर खडकात कोरलेला गरुड, सिंह आणि डॉल्फिन आहेत. आर्टेमिडोरोस नावाच्या सैनिकी पेशाच्या भाविकानं ते देवांना वाहिले होते. चपला मजबूत हव्यात आणि वाऱ्यात टोपी टिकत नाही.

ओइया शेवटी, तेही धावतं. कड्यातल्या ज्या गुहाघरांत आज एका रात्रीला आपल्याकडचा महिन्याचा पगार जातो, ती खलाशांची, गरिबांची घरं होती. बांधकामाला लाकूड नव्हतं, राखेत खोदणं स्वस्त पडे. जहाजमालक कप्तानांचे वाडे वर, सपाटीला. ९ जुलै १९५६च्या पहाटे मोठा भूकंप झाला, ५३ माणसं गेली, ओइया जवळजवळ रिकामं झालं. पडकी घरं कुणी विचारत नव्हतं. १९७०च्या दशकात ग्रीसच्या राष्ट्रीय पर्यटन संस्थेनं त्यातली काही दुरुस्त करून अतिथिगृहं केली, आणि तिथून आजचा भाव सुरू झाला. आज शिक्षकाला किंवा नर्सला बेटावर बदली मिळते, पण भाड्याचं घर मिळत नाही.

सूर्यास्त ओइयाच्या पडक्या किल्ल्यावरून पाहायचा हट्ट सोडून द्यावा. दीड तास आधी जागा धरावी लागते, पुढच्याच्या मोबाइलमधूनच सूर्य दिसतो आणि परतीचा एकमेव रस्ता तुंबतो. अक्रोतिरीच्या टोकाला जुनं दीपगृह आहे. सूर्य तोच, समुद्रही तोच, गर्दी निम्म्याहून कमी.

जेवायला मेगालोहोरीसारख्या एखाद्या गावात थांबावं. टोमॅटोचे ‘केफ्तेदेस’ मागवा. कांदा, पुदिना आणि इथले छोटे घट्ट टोमॅटो घातलेली ती सरळ सरळ भजीच. सोबत ‘फावा’ मागवा. हे पिवळ्या डाळीचं घोटलेलं घट्ट वरण, वर ऑलिव्हचं तेल आणि कच्चा कांदा. ही डाळ ज्या वेलीची, ती आपल्या विदर्भातल्या लाखोळीची सख्खी चुलत बहीण, दोघी एकाच लॅथायरस प्रजातीतल्या. अक्रोतिरीच्या रांजणांतही तिचे दाणे सापडले आहेत. लाखोळीच्या विक्रीवर भारतात १९६१ साली बंदी आली, तर फावाला युरोपीय संघानं भौगोलिक उत्पादनाचं संरक्षण दिलं आणि ती सोन्याच्या भावानं विकली जाते. पीक थोडं आणि मागणी फार, त्यामुळे फिराच्या दुकानांत बाहेरून आणलेली डाळही त्याच नावानं खपते. घरी न्यायची असेल तर पाकिटावरचा लाल-पिवळा गोल शिक्का पाहून घ्या, आणि शक्यतो पिर्गोसच्या आसपासच्या सहकारी संस्थेच्या किंवा मळ्याच्याच दुकानातून घ्या.