अर्धे घर, पूर्ण घर आणि जमीन कोणाची?

दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या रांगेत उभे राहिले की दोनच विषय कानावर पडतात : मुलांच्या शाळा आणि घरांच्या किमती. लंडन आणि आजूबाजूला राहणारे आपल्यापैकी बरेच जण आज नाही तर उद्या घराच्या शोधात निघणार आहेत. आम्ही दोघेही गेले वर्षभर ह्याच चक्रात आहोत. रात्री मुले झोपली की एक जण लॅपटॉपवर घरे बघतो आणि दुसरा एक्सेलमध्ये आकडे भरतो. त्या आकड्यांतून जे कळले ते सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

पूर्ण किमतीचे घर परवडत नाही म्हटल्यावर इस्टेट एजंट एक शब्द पुढे करतो, 'शेअर्ड ओनरशिप'. आमच्या घरात ह्याचे नाव 'अर्धे घर' असे पडले आहे. (हे सगळे इंग्लंडपुरते. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत.) कल्पना सोपी आहे. घराचा काही हिस्सा तुम्ही विकत घ्यायचा आणि उरलेल्या हिश्श्याचे भाडे हाउसिंग असोसिएशनला द्यायचे. पूर्वी किमान २५ टक्के हिस्सा घ्यावा लागे. २०२१ पासून आलेल्या नव्या पद्धतीत १० टक्क्यांपासून सुरुवात करता येते. घरातले एकत्रित वार्षिक उत्पन्न लंडनमध्ये ९०,००० पौंड आणि बाहेर ८०,००० पौंड ह्यापेक्षा जास्त नसावे, ही अट.

आता आमचे एक्सेल. समजा घर ४,००,००० पौंडांचे आहे. पूर्ण घ्यायचे तर १० टक्के म्हणजे ४०,००० रोख हवेत आणि ३,६०,००० चे कर्ज. ५ टक्के व्याज आणि २५ वर्षे धरली तर महिन्याचा हप्ता साधारण २,१०५ पौंड. त्याऐवजी ४० टक्के हिस्सा घेतला तर त्याची किंमत १,६०,०००. रोख लागतात १६,००० आणि कर्ज १,४४,०००, हप्ता ८४२ च्या आसपास. उरलेल्या २,४०,००० वर वर्षाला २.७५ टक्के भाडे, म्हणजे महिना ५५०. हप्ता आणि भाडे मिळून १,३९२ पौंड. सातशेचा फरक! हे बघून आम्ही त्या रात्री चक्क श्रीखंड खाल्ले.

श्रीखंड जरा घाईने खाल्ले. पहिली गोष्ट म्हणजे सर्व्हिस चार्ज, आपल्या भाषेत मेंटेनन्स. हिस्सा ४० टक्के असला तरी मेंटेनन्स शंभर टक्के तुमच्याच माथी. दुसरी गोष्ट, भाडे दरवर्षी वाढते. जुन्या पट्ट्यांत वाढ महागाईच्या आरपीआय निर्देशांकाला बांधलेली असते, ऑक्टोबर २०२३ नंतरच्या नव्या पट्ट्यांत सीपीआय अधिक १ टक्का. म्हणजे महागाई २ टक्के राहिली तरी ५५० चे भाडे दहा वर्षांत ७३९ होते. पगार तेवढा वाढेल का, हे आयटीवाल्यांनी तरी छातीठोकपणे सांगू नये.

तिसरी गोष्ट मोठी आहे. हळूहळू हिस्सा वाढवत न्यायचा, ह्याला इथे 'स्टेअरकेसिंग' म्हणतात, म्हणजे एकेक पायरी चढत जाणे. ब्रोशरमध्ये ह्या जिन्याचे फार कौतुक असते. पण प्रत्येक पायरीची किंमत त्या दिवसाच्या बाजारभावाने ठरते. आमच्या उदाहरणात पाच वर्षांत घर ४,८०,००० चे झाले तर उरलेला ६० टक्के हिस्सा २,४०,००० ला नव्हे, २,८८,००० ला पडेल. आपण जिना चढत असताना जिनाही वर सरकतो. शिवाय मोठी पायरी चढताना मूल्यांकनाचा खर्च आणि वकिलाची फी निघतेच. नव्या पद्धतीत पहिली पंधरा वर्षे दरवर्षी १ टक्का हिस्सा कमी खर्चात घेता येतो, आणि पहिली दहा वर्षे मोठ्या दुरुस्त्यांचा भार घरमालक संस्थेवर असतो, एवढा दिलासा आहे. पण जुन्या पट्ट्याची घरेही अजून विक्रीला येतात, तेव्हा कोणत्या पद्धतीचा पट्टा आहे हे आधी विचारावे.

चौथी गोष्ट म्हणजे कायद्याने तुम्ही मालक कमी आणि भाडेकरू जास्त. घर पोटभाड्याने देता येत नाही. २०१७ मध्ये ग्रेनफेल टॉवरची आग लागल्यानंतर ज्या इमारतींच्या बाहेरच्या आवरणावर प्रश्नचिन्ह लागले, तिथे पाव हिस्सा असलेल्यांच्या हातातही पूर्ण खर्चाची बिले पडली आणि घरे विकणेही अशक्य होऊन बसले. पुढे २०२२ च्या कायद्याने बरेच संरक्षण दिले, पण मधली पाच वर्षे लोकांनी कशी काढली असतील! मुंबईच्या पागडीच्या घराची आठवण होते. तिथेही माणूस धड मालक नाही, धड भाडेकरू नाही. फरक एवढाच की पागडीचे भाडे नाममात्र असते.

आणि आता ती गोष्ट, जी आम्हाला कोणी सांगितली नाही. आमचा अर्ज बराच पुढे गेला होता. एका फॉर्मवर प्रश्न होता : तुमच्या नावावर दुसरे घर आहे का? आम्ही 'नाही' लिहिणार तेवढ्यात नाशिकच्या फ्लॅटची आठवण झाली. बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतला तेव्हा प्रेमाने आमचे नावही लावले होते. त्यात आमचा एक रुपया नाही. पण इथल्या नियमांना ते कळत नाही. 'घर नाही' म्हणजे जगात कुठेही नाही. अर्ज तिथेच थांबला, आणि ज्या कार्यालयाने आमच्याकडून तीन महिने कागद मागवले त्यांनी हे पहिल्याच दिवशी विचारले असते तर बरे झाले असते. स्टँप ड्यूटीचेही तसेच. पहिल्या घराची सवलत ज्याने जगात कधीच घर घेतलेले नाही त्यालाच मिळते, त्यामुळे आता हक्कसोडपत्र केले तरी ती सवलत परत येत नाही. दुसऱ्या घरावरचा जादा कर ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्के आहे. तोही परदेशातले घर मोजतो. मात्र तिथल्या घरातल्या तुमच्या हिश्श्याची किंमत ४०,००० पौंडांच्या आत असेल तर तो लागत नाही. भारतातल्या सातबाऱ्यावर किंवा फ्लॅटवर आपले नाव कुठे कुठे आहे, हे घर शोधण्याआधी विचारून घ्या. आम्ही फोनवर हक्कसोडपत्र हा शब्द काढला तेव्हा बाबा काही वेळ गप्पच झाले. मग म्हणाले, "तुम्हाला तिकडे जे बरं पडेल ते करा." तो विषय अजून तिथेच आहे.

अर्ज थांबला म्हणून दुसरे काय आहे ते शोधू लागलो, आणि 'कम्युनिटी लँड ट्रस्ट' सापडला. म्हणजे सामुदायिक जमीन न्यास. इथे घर तुमचे असते, पण जमीन ट्रस्टच्या मालकीची राहते आणि ती कधीही विकली जात नाही. तुम्ही जमीन लांब मुदतीच्या पट्ट्याने वापरता. घर सोडताना ते बाजारभावाने विकायचे नाही, ठरलेल्या सूत्राने विकायचे, म्हणजे पुढच्या कुटुंबालाही ते परवडेल. सुरुवातीला कळले नाही की ह्यात आपला फायदा काय. मग लक्षात आले की इथे स्वस्ताई एकदाच मिळणारी नाही, ती घराबरोबर राहते. महाग होते ती बहुतेक जमीन. विटा-सिमेंट तर जुनेच होत असते.

हे वाचताना एक ओळखीचे नाव भेटले आणि आम्ही खुर्चीत ताठ बसलो. विनोबा! पेण तालुक्यातल्या गागोद्याचे आपले विनोबा. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत शंभर एकरांच्या दानाने भूदान सुरू झाले आणि त्यातूनच पुढे ग्रामदान आले. ग्रामदानात जमिनीची मालकी गावाची आणि कसणे कुटुंबाकडे. अमेरिकेतील राल्फ बोरसोडी आणि रॉबर्ट स्वान ह्यांनी लँड ट्रस्टचा विचार मांडला तेव्हा ग्रामदान त्यांच्यासमोर होते. १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीतल्या लोकांनी 'न्यू कम्युनिटीज' ही अशी पहिली संस्था काढली. त्याआधी त्यांच्यातले काही जण इस्राएलला जाऊन तिथली पट्ट्याने दिलेली शेतजमीन बघून आले होते. जवळजवळ ५,७०० एकर जमीन त्यांनी घेतली, पण कर्ज काढून. दुष्काळात सरकारी मदतीचे कर्ज मिळवताना भेदभाव झाला, हप्ते थकले आणि १९८५ मध्ये जमीन गेली. २००९ मध्ये भेदभावाच्या खटल्यातून त्यांना १.२ कोटी डॉलरची भरपाई मिळाली आणि त्यातून त्यांनी पुन्हा १,६०० एकरांहून मोठी इस्टेट घेतली. जमीन 'कायमची' ट्रस्टची, हे खरे, पण ती गहाण नसेल तरच. ट्रस्टचा ताळेबंद बघायला विसरू नका, असे आम्ही म्हणतो ते ह्यामुळेच.

ही कल्पना नीट चाललेली बघायची तर व्हरमाँटमधील बर्लिंग्टन. १९८४ मध्ये शहराने दिलेल्या २ लाख डॉलरवर तिथला ट्रस्ट सुरू झाला. तेव्हा महापौर होते बर्नी सँडर्स. तिथे घर विकताना वाढलेल्या किमतीचा २५ टक्के भाग विकणाऱ्याला मिळतो, शिवाय त्याने फेडलेले मुद्दल त्याचेच. बाकीची वाढ घरातच राहते. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत घरे जप्त होत होती. २०१० च्या अखेरीस लँड ट्रस्टच्या घरांपैकी ०.४६ टक्के कर्जे जप्तीत होती, तर एकूण बाजारात ४.६३ टक्के. कर्ज मुळात झेपेल एवढेच, आणि अडचणीत फोन करायला ट्रस्ट आहे.

आणि आपल्या जवळचे उदाहरण, पूर्व लंडनमधील माइल एंड. सेंट क्लेमेंट्स ह्या जुन्या रुग्णालयाच्या जागेवर बांधलेल्या घरांपैकी २३ घरे लंडनच्या लँड ट्रस्टची आहेत. २०१७ मध्ये पहिली कुटुंबे राहायला आली. घराची किंमत बाजारावरून न ठरवता त्या भागातल्या मधल्या पगारावरून ठरवली जाते. एका बेडरूमचे घर १,३०,००० पौंडांना मिळाले, बाजारात तसे घर साडेचार लाखांच्या घरात होते. विकतानाही तेच सूत्र, म्हणजे भागातले पगार वाढले तेवढीच किंमत वाढणार.

मग सगळे तिकडे का जात नाहीत? कारण घरेच नाहीत. २३ म्हणजे आपल्या मंडळाच्या एका बसमध्ये मावतील एवढी कुटुंबे. त्या भागाशी जुने नाते लागते, थोड्याच बँका कर्ज देतात, आणि जमीन मिळवायला वर्षानुवर्षे स्थानिक कौन्सिलच्या मागे लागावे लागते. शिवाय आपल्यापैकी ज्यांना घर म्हणजे गुंतवणूक वाटते, पाच वर्षांनी विकून मोठे घ्यायचे आहे, त्यांनी ह्या वाटेला न गेलेले बरे. तुमची किंमत पगाराच्या वेगाने वाढेल आणि शेजारच्या घराची बाजाराच्या वेगाने, मग तिथून बाहेर पडणे कठीण.

मुंबई-पुण्यात वाढलेल्यांना ह्यात परके काही वाटू नये. तिकडे फ्लॅट आपला आणि जमीन सोसायटीची, हे आपण गृहीतच धरतो. बिल्डर कन्व्हेयन्स करून देत नाही म्हणून किती सोसायट्या भांडत बसल्या आहेत! फरक असा की आपल्या सोसायटीत फ्लॅट विकताना भाव ठरवायची मोकळीक असते. लँड ट्रस्ट नेमकी तीच काढून घेतो.

आमचे सध्याचे मत विचाराल तर असे आहे : दहा वर्षे एकाच जागी राहायचे असेल, मोठी पायरी चढायची घाई नसेल आणि पट्टा नव्या पद्धतीचा असेल तर अर्धे घर वाईट नाही. मात्र हिशेब हप्त्याचा न करता हप्ता, भाडे आणि मेंटेनन्स ह्या तिघांचा करा, आणि तोही दहाव्या वर्षाचा. लँड ट्रस्टचे घर मिळत असेल तर आम्ही दुसरा विचार करणार नाही. आमच्या बरोमध्ये एक गट जागा शोधतो आहे, त्यांच्या पुढच्या बैठकीला आम्ही जाणार आहोत. कोणाला यायचे असेल तर जरूर कळवा. एक्सेल फाईलही हवी तर मागून घ्या, पिवळ्या चौकटीत आपले आकडे भरायचे. हिरव्या चौकटींना हात लावू नका, त्यात सूत्रे आहेत.