थर्माकोलच्या पेटीतले २१ दिवस

आरे कॉलनीतल्या आदिवासी पाड्यांवर आजही अंगणात गावठी कोंबड्या दिसतात. त्यातली एखादी खुडूक झाली, की टोपलीत भाताचा पेंढा घालून तिला अंड्यांवर बसवतात. २१ दिवस ती दाणापाण्यापुरतीच उठते. हेच काम मुलुंड-बोरिवलीच्या एखाद्या बैठ्या घरात, मासळीबाजारातून आणून स्वच्छ धुतलेल्या थर्माकोलच्या पेटीकडून करून घ्यायला जा, म्हणजे कळतं की ती नुसती बसलेली नसते!

पेटीत ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावायचा, कारण एलईडी पुरेसा तापत नाही. सोबत कॉम्प्युटरचा जुना पंखा, छोटा थर्मोस्टॅट आणि हवेसाठी चार भोकं. तापमान ३७.५ अंश. अंडी मात्र कोंबडा असलेल्या कळपातलीच हवीत. वाण्याकडच्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही.

इजिप्तमध्ये मातीच्या उबवण भट्ट्यांत शतकानुशतकं हजारो अंडी एकदम उबवत आले आहेत, आणि तेही थर्मामीटरशिवाय. तिथले कारागीर अंडं पापणीला लावून ऊब ओळखत. किती वर्षांच्या सवयीनं ही जाण येत असेल!

दुसऱ्या दिवशीच आत हृदय धडधडू लागतं. सातव्या रात्री दिवे मालवून अंडं टॉर्चवर धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा पसरलेल्या दिसतात आणि मधोमध एक काळा ठिपका हलतो. हा ठिपका म्हणजे पिल्लाचा डोळा. तो हलताना एकदा पाहिला, की माणूस रात्री उठून पेटीचं तापमान बघू लागतो.

कोंबडी चोचीनं अंडी सारखी उलटवत असते. तसं केलं नाही, तर गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो. म्हणून आपणही १८व्या दिवसापर्यंत दिवसातून तीन किंवा पाच वेळा अंडी फिरवायची. आकडा विषम ठेवायचा, म्हणजे लांबलचक रात्र दरवेळी एकाच कुशीवर जात नाही.

मुंबईत खरी परीक्षा दमटपणाची. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून तीन आठवड्यांत अंड्याचं सुमारे १२ टक्के वजन वाफ होऊन उडून जावं लागतं. तेवढ्यानं बोथट टोकाशी हवेची पोकळी वाढते आणि पिल्लू पहिला श्वास तिथेच घेतं. पुस्तकं पेटीत पाण्याची वाटी ठेवायला सांगतात. जुलैतल्या अंधेरीत हवाच एवढी ओली असते, की वाटी ठेवली तर पोकळी लहान राहते आणि पिल्लू आतच गुदमरू शकतं. पावसाळ्यात पहिले १८ दिवस वाटी बाहेरच बरी. शेवटचे तीन दिवस मात्र ती आत हवी, नाहीतर पापुद्रा सुकून पिल्लाला आवळतो.

विसाव्या दिवशी पेटीला कान लावला तर बंद कवचातून चिवचिव ऐकू येते. मग चोचीवरच्या इवल्या टोकानं पिल्लू कवच फोडतं. फोडायला आपण मदत करायची नाही, पापुद्र्यातल्या शिरांत अजून रक्त खेळत असतं. बाहेर येण्याआधी उरलेला बलक ते पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोनेक दिवस निभावतं. म्हणूनच टोपलीतली कोंबडी पहिल्या पिल्लासाठी लगेच उठत नाही. मागून फुटणाऱ्या अंड्यांसाठी ती बसून राहते. आपणही पेटीचं झाकण सारखं उघडू नये. पिसं सुकली, की पिल्लांना उबेच्या खोक्यात हलवावं आणि आधी पाणी दाखवावं.