सातपुड्याचं पाणी, खाडीचं जंगल

सातपुड्यातल्या मोलगी-धडगावकडच्या आश्रमशाळेची सहल ठरताना खाडीचं नाव काढलं, तर कुणीतरी विचारणारच, "आपल्याकडं एवढं जंगल असताना चिखल बघायला मुंबईपर्यंत कशाला जायचं?" प्रश्न रास्त आहे. मोह कधी गळतो, चारोळी कधी पिकते हे ज्या पोरांना चालता चालता कळतं, त्यांना जंगल वेगळं शिकवावं लागत नाही. पण म्हणूनच या पोरांनी नवी मुंबईतलं ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र पाहावं, असं मला मनापासून वाटतं. वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं हे केंद्र २०१७ साली सुरू झालं. तिथं लाकडी पायवाटेनं कांदळवनात, म्हणजे खारफुटीच्या जंगलात, शिरता येतं आणि बोटीतून ठाण्याची खाडीही पाहता येते. जाण्याआधी मात्र मनातल्या काही समजुती तपासून घेतलेल्या बऱ्या.

सगळ्यात घट्ट बसलेली समजूत म्हणजे समुद्र लांब आहे, त्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही. नकाशा उघडला की ती टिकत नाही. सातपुड्याच्या उत्तर उतारावरचं पाणी नर्मदेला जातं, दक्षिण उतारावरचं तापीला, आणि दोन्ही नद्या खंभातच्या आखाताजवळ अरबी समुद्राला मिळतात. म्हणजे आपल्या डोंगरातलं पाणी आणि गाळ ऐरोलीला जातच नाही, ते जातात भरूच-सुरतेच्या किनाऱ्याला. अक्कलकुव्यावरून जाणारा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता धरला, तर मुंबईच्या निम्म्या वाटेतच आपण खाडीजवळ पोचतो. भरूचच्या खाली, नर्मदेच्या मुखाशी आलिया बेटावर कांदळवनं आहेत. २०२३ च्या वनस्थिती अहवालानुसार गुजरातेत सुमारे ११६४ चौरस किलोमीटर कांदळवन आहे, महाराष्ट्रात सुमारे ३१५. बंगालखालोखाल गुजरातचाच नंबर लागतो.

यालाच जोडून दुसरा गैरसमज येतो: खारफुटीला काय, खारं पाणी मिळालं की झालं. मुळात या झाडांना मीठ आवडत नाही, त्यांना ते सोसता येतं. यांतल्या कांदळाची मुळं बरंचसं मीठ बाहेरच अडवतात. तिवर आत आलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतो. कोरड्या उन्हाच्या दिवशी तिवराचं पान जवळून पाहा, त्यावर बारीक पांढरे कण चमकताना दिसतील. जीभ लावली तर खारट लागतात. पोरांनी हे करून पाहायलाच हवं. पण मीठ बाहेर टाकायला झाडाची ताकद खर्च होते. नदीचं गोडं पाणी मिसळत राहिलं तर तेच झाड जोमानं वाढतं आणि नदीनं आणलेल्या गाळावर त्याला नवी जागाही मिळते.

धरणांची गोष्ट इथंच येते. नर्मदेवरच्या सरदार सरोवरानं महाराष्ट्रातली तेहतीस गावं बाधित झाली, ती सगळी आपल्याच अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली. त्यांतल्या मणिबेलीचं नाव इथं कुणाला सांगावं लागत नाही. पण त्याच धरणाची दुसरी झळ खाली बसली. पावसाळ्यात अंडी घालायला समुद्रातून नर्मदेत चढणारी हिलसा मासळी पूर्वी भरूचच्या मच्छीमारांना भरपूर मिळायची. वरून येणारं गोडं पाणी घटलं, खारं पाणी नदीत आत शिरलं आणि हिलसा कमी झाली, असं ते मच्छीमार वर्षानुवर्षं सांगत आहेत. डोंगरात घर गेलेला आणि खाडीत जाळं रिकामं आलेला, दोघं एकाच नदीची माणसं आहेत. आपल्याकडच्या बोलण्यात हे क्वचितच येतं, याचं मला वाईट वाटतं.

कांदळवन म्हणजे दुर्गंधी, डास आणि मलेरिया, असंही सर्रास म्हटलं जातं. चिखलाला वास येतो हे खरं, कारण त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून तर तिवराची श्वसनमुळं चिखलातून वर येतात, पेन्सिली उलट्या रोवून ठेवाव्यात तशी. त्यांच्यावर राडारोडा टाकला की झाडाचा श्वासच कोंडतो. डास खाडीकाठीही असतात, पण शहरात मलेरिया पसरवणारा मुख्य डास, ॲनोफिलिस स्टीफेन्सी, वाढतो तो टाक्या, विहिरी, बांधकामं अशा ठिकाणी साठलेल्या स्वच्छ पाण्यात. त्याचा दोष तिवराच्या माथी मारून तोडीला निमित्त शोधलं जातं. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ साली कांदळवनाच्या तोडीवर आणि त्याच्या पन्नास मीटरच्या आतल्या बांधकामावर बंदी घातली. २०१८ च्या अंतिम निकालातही ती कायम राहिली.

याच्या उलट टोकाचा गैरसमजही आहे. कांदळवन म्हणजे त्सुनामी थोपवणारी भिंत, असं मोठ्या हौसेनं सांगतात. वाऱ्यानं उठणाऱ्या लाटांची उंची शंभर मीटर रुंद पट्ट्यात १३ ते ६६ टक्क्यांनी कमी होते, असं अभ्यास सांगतात. एवढी मोठी तफावत पडते, कारण झाडं किती दाट, मुळं कोणत्या प्रकारची, पाणी किती खोल यावर सगळं ठरतं. १९९९ च्या चक्रीवादळात ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यात, ज्या गावांपुढं रुंद कांदळवन होतं तिथं मृत्यू कमी झाले. हे पुष्कळ आहे, त्याची भिंत करायची गरज नाही.

मग लावा की सगळीकडं रोपं! इथंही थांबायला हवं. ओहोटीला उघडा पडणारा चिखलाचा पट्टा रिकामा नसतो. त्यातल्या किड्यांवर, शिंपल्यांवर हजारो पक्षी जगतात. तिथं एकाच जातीची रोपं ओळीनं लावली तर ती पुष्कळदा मरतात, आणि जगली तर पक्ष्यांचं ताट काढून घेतात. सातपुड्यात गवताळ माळावर एकाच जातीची लागवड झालेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चटकन पटेल.

पाणथळ म्हणजे फक्त समुद्रकाठ, हेही खरं नाही. महाराष्ट्रात आंतरराष्ट्रीय महत्त्वाची तीन रामसर स्थळं आहेत आणि त्यांतली दोन समुद्रापासून लांब आहेत: नाशिक जिल्ह्यातलं नांदूरमध्यमेश्वर आणि बुलढाण्यातलं लोणार. ठाण्याची खाडी २०२२ साली तिसरी झाली. नांदूरमध्यमेश्वर तर माणसानं बांधलेल्या बंधाऱ्यामुळं तयार झालेलं आहे. कायद्याचा हात मात्र आखडता आहे. २०१७ च्या केंद्रीय नियमांतून नदीपात्र, भातखाचरं आणि पिण्याच्या किंवा सिंचनाच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव वगळले आहेत. तोरणमाळच्या यशवंत तलावाकाठी उभं राहून पोरांना विचारा, ही पाणथळ जागा आहे का? वाद चांगला रंगेल.

"अभयारण्य" म्हटलं की आपल्याकडं माणसाच्या पोटात गोळा येतो, आणि त्याला कारण आहे. ठाण्याच्या खाडीचा भागही अभयारण्यच आहे, म्हणून ऐरोलीत मुद्दाम विचारावं, कोळी बांधवांचं काय झालं? किनाऱ्यावरच्या गावांसाठी राज्यानं २०१७ साली कांदळवन संवर्धन आणि उपजीविका योजना आणली. तिच्यात खेकडापालन, कालवं, पिंजऱ्यातला जिताडा मासा असे उद्योग गटांनी चालवायचे असतात. ते कुठं चाललं आणि कुठं बंद पडलं, हे केंद्रातल्या फलकावर शोधू नका, बोट चालवणाऱ्याला विचारा.

राहिले रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. ते आले म्हणजे खाडी स्वच्छ, असं समजू नये. धाकटा रोहित निळं-हिरवं शेवाळ खातो, त्यातूनच त्याला गुलाबी रंग मिळतो, आणि ते शेवाळ सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर फोफावतं. नोव्हेंबर ते मे हा त्यांचा काळ, म्हणजे शाळेची हिवाळी सहल बरोबर जमते. ठाणे-वाशी लोकलवर ऐरोली स्टेशन आहे. मात्र बोट घड्याळावर नाही, भरतीवर सुटते, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. त्यामुळं आधी भरतीचं वेळापत्रक पाहावं, मगच नंदुरबारहून गाडीचं आरक्षण करावं.