शिक्षणकर्ज घेण्यापूर्वी

मुलाच्या कॉलेजसाठी जमीन गहाण पडेल की काय, ही चिंता डहाणू-तलासरीच्या अनेक पालकांस असते. त्यांच्यासाठी आम्ही नवे नियम येथे सांगतो. केंद्र सरकारने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण अथवा जामीनदार लागत नाही; मात्र कॉलेज सरकारी यादीत असले पाहिजे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात व त्यानंतर एक वर्ष ३ टक्के व्याज सरकार सोसते. परंतु ही सवलत वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरतीच आहे. दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीस पात्र असणाऱ्यास ती नाही. आणि बाकीचे व्याज शिकतानाही चढत राहते. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, हा प्रभूचा दृष्टान्त सही करण्यापूर्वी आठवावा, एवढेच आमचे सांगणे.